आईच्या जागेवरचा सूर्यास्त

श्रीपाल मगदूम सर निपाणीच्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी हा गुण म्हणून सांगत नाही. जुनी पाठदुखी सांगावी तसं सांगतात. लग्नात वधूपित्याने कौतुकाने "सर, जेवण कसं झालंय?" असं विचारलं की शेजारची माणसं घाईघाईने पावसापाण्यावर बोलू लागतात.

या सवयीचा सर्वांत नियमित उपयोग त्यांच्या आईने करून घेतला. पद्मावतीआक्का आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. शाळा चौथीपर्यंत, पण बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पाठशाळेत त्या पुढे पुष्कळ शिकल्या. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी मुनीमहाराजांसमोर नियम घेतला: सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. महाराजांनी विचारलं होतं, वय होईल, दुखणी येतील, औषधाची सूट ठेवूया का? आक्का नको म्हणाल्या. सूट ठेवलेला नियम म्हणजे त्यांच्या मते नुसता बेत.

अडचण अशी की घराच्या पश्चिमेला तंबाखूची वखार आहे. तिची भिंत एवढी उंच, की आक्कांच्या अंगणातून सूर्य दुपारी साडेचारलाच जातो. कॅलेंडरवरच्या वेळेवर त्यांचा विश्वास नाही, कारण ते कॅलेंडर परगावी छापलेलं. तिथला सूर्य तिथल्या माणसांचा. मोबाईल तर त्यांच्या लेखी माणूसच नव्हे. म्हणून गेली बावीस वर्षं रोज संध्याकाळी सर गच्चीवर जातात, कठड्याला टेकून उभे राहतात आणि वरची कड बुडाली की जिन्यातून खाली आवाज देतात, "मावळला!" खाली आक्का तोंडातला घास गिळलेला असला तर चूळ भरून ताट सारतात. घास गिळलेला नसला तर थुंकून टाकतात. त्यात हयगय नाही. एकदा चतकोर पुरणपोळी अशी गेलेली सरांच्या बायकोने पाहिली होती. त्या माउलीला पुढे बरेच दिवस त्याचं वाईट वाटत होतं, आक्कांना नाही.

माय-लेकात काळ आणि अवकाश या विषयावर वाद चालत असे, तो साधारण गच्चीवरून खाली आल्यावर. आक्कांचा काळ पाठशाळेतला. आकाशाच्या एकेका ठिकाणावर काळाचा एकेक अणू बसलेला आहे. जोंधळ्याच्या राशीत दाणे असतात तसे; एकमेकांना लागून, पण एकात एक मिसळत नाहीत. घटका, दिवस, वर्ष हा नुसता व्यवहार. सूर्य फिरतो म्हणून आपण मोजतो. जिथे सूर्य फिरत नाही तिथे दिवस नाही आणि रात्र नाही, काळ मात्र तिथेही आहे.

सरांनी एकदा हौसेने त्यांना सापेक्षता समजावून सांगितली. प्रत्येक जागेचं आणि प्रत्येक वेगाचं घड्याळ वेगळं असतं. सगळ्या विश्वाला मिळून एकच 'आत्ता' नाही. आक्का शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढंच व्हय? ह्ये तर पाठशाळेत पोरास्नी सांगत्यात."

"आई, शब्द सारखं वाटत्यात. आम्ही मोजतो. तुमचा काळाचा अणू कुणाला मोजता येत न्हाय."

"आणि तू घड्याळानं जे मोजतोस, ते काय हाय, हे तुला तरी सांगता येतंय काय रं?"

सांगता येत नाही, असं सरांनी कबूल केलं. मात्र निवृत्तीच्या सत्कारात एका पाहुण्यांनी 'आधुनिक विज्ञान आज जे सांगतंय ते आपल्याकडे आधीच लिहून ठेवलंय' असं भाषण केलं, तेव्हा उत्तरादाखल उभे राहून सर म्हणाले, असं नाही. कोडं एकच असेल, पण ताळा करून दाखवल्याशिवाय उत्तर सारखं म्हणता येत नाही. टाळ्या कमी पडल्या. नारळ मात्र मिळाला.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आक्कांना डोळे दाखवायला बेळगावला नेलं होतं. सरांची मुलगी त्रिशला पिरनवाडीला राहते आणि बेळगावातल्या एका लॅबमध्ये काम करते. तिनेच वेळ घेतली होती आणि तीच गाडी चालवत त्यांना निपाणीला सोडायला निघाली. तपासणी लांबली. आक्कांचं जेवण सकाळी अकराला झालं होतं. मधुमेहाची गोळी दुपारची दुपारी घेतली गेली, कारण चारपर्यंत घरी पोचून जेवायचं ठरलेलं. बाहेरचं त्या खात नाहीत. पिशवीत घरचं गाळून उकळलेलं पाणी होतं आणि एका डबीत गुळाचे खडे होते. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला म्हणून डॉक्टरांनी ते कायम जवळ ठेवायला सांगितलं होतं.

काकती मागे पडली आणि वंटमुरीच्या घाटात गाडी थांबली. पुढे वळणावर उसाचा ट्रेलर उलटला होता. पावणेपाच झाले होते. आक्का मागच्या सीटवर झोपल्या होत्या. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, त्यामुळे तशाही त्यांना उजेडाचा भगभगीतपणा सोडून काही दिसत नव्हतं.

"उठवूया का आज्जीला?" त्रिशलाने विचारलं.

"झोपू दे. आत्ता सुटंल वाट," सर म्हणाले. ही त्या दिवसातली त्यांची चूक. अंदाज होता, म्हणून त्याला खोटं म्हणता येणार नाही.

वाट सुटली नाही. पाच चाळीसला त्रिशलाने मागे वळून पाहिलं तर आज्जीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डिसेंबरात, काचा खाली असताना. तिने पर्समधलं साखर तपासायचं यंत्र काढलं आणि बोटाला सुई टोचली. आकडा आला अठ्ठावन्न.

"आज्जी! आज्जी, ऊठ. गूळ खा."

आक्कांनी डोळे उघडले. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "दिवस हाय का गं?"

नेमक्या त्याच वेळी डाव्या हाताच्या डोंगराने सूर्य घेतला. रस्त्यावरचं ऊन गेलं. पुढच्या ट्रकची पाठ एका क्षणात करडी झाली आणि आक्कांच्या तोंडावरची ऊबही गेली. डोळ्यांना दिसत नसलं तरी कातडीला कळतं.

"मावळला," त्याच म्हणाल्या आणि ओठ मिटले.

"न्हाय आई," सर म्हणाले. "पाच पंचेचाळीस झाल्यात. सूर्यास्त सहा वाजून एक मिनिटाला. डोंगराआड गेलाय नुसता."

"दिसतोय?"

"हितनं न्हाय."

"मग मावळला."

"आज्जी, औषध म्हणून घे गं," त्रिशलाचा आवाज चढला. "पाप लागलं तर माझ्या नावावर घाल."

"दुसऱ्याच्या नावावर घालता येत न्हाय ते," आक्का म्हणाल्या. बोलणं तुटक होत चाललं होतं, पण तत्त्वज्ञान शाबूत होतं. "सूट घेतली न्हाय मी."

त्रिशलाने अँब्युलन्सला फोन लावला. तिकडून पत्ता विचारून झाल्यावर सांगण्यात आलं, की त्याच गर्दीत मागे साधारण तीन किलोमीटरवर एक अँब्युलन्स आधीच अडकून आहे. जबरदस्तीने गूळ कोंबायची सोय नव्हती. थरथरत्या म्हातारीच्या मिटलेल्या तोंडात खडा घातला तर तो घशात कुठे जाईल, हे लॅबमधल्या मुलीला सांगायला नको.

सर गाडीतून उतरले. डोंगर फार उंच नव्हता. माथ्यावर मोबाईलचा टॉवर होता आणि त्याच्यासाठी जेसीबीने काढलेली तांबड्या मातीची वाट रस्त्यापासून वर जात होती. "वर जाऊन बघतो," एवढं बोलून एकसष्ट वर्षांचे सर चढायला लागले. बघून काय होणार होतं, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. बावीस वर्षांची सवय होती: सूर्याबद्दल शंका आली की वर चढायचं.

पाच छप्पन्नला ते माथ्यावर पोचले. छाती भात्यासारखी चालली होती. आणि पश्चिमेला, चंदगडच्या बाजूच्या धुरकट क्षितिजावर, सूर्य होता. बोटभर वर, अख्खा, लाल. त्यांनी फोन लावला.

"हाय! सांग तिला, मला समोर दिसतोय. गूळ दे!"

फोनमधून त्रिशलाचं बोलणं ऐकू आलं, मग त्रिशलाचा रडवेला आवाज. "आप्पा, आज्जी म्हणतीया, तुमच्या जागेवर हाय. तिच्या जागेवर न्हाय."

चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हे इतकं नेमकं लिहिलं नव्हतं. तुझ्या जागेवरून झालं नाही म्हणून माझ्या जागेवरून झालं नाही, असं म्हणता येत नाही. हे त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं आणि खाली रेघ मारली होती. त्यांच्या गणिताप्रमाणे दोन फर्लांगांवरच्या दोन माणसांच्या 'आत्ता'मधला फरक कुठल्याही घड्याळात सापडला नसता, आणि हे आक्कांना सांगून काही उपयोग नव्हता. कारण इथे घड्याळाचा प्रश्नच नव्हता. मधे डोंगर होता.

"मशीन लाव परत," ते म्हणाले.

"लावलं. एकावन्न."

"मग तिची जागा बदल. वर आण तिला."

"कशी आणू?"

सरांना खाली गाड्यांच्या फटीतून एक मोटरसायकल वाट काढत येताना दिसली. ते फोनमध्ये ओरडले, "ती मोटरसायकल! थांबव!"

मोटरसायकलवर यल्लाप्पा होता, घाटाखालच्या गावचा शेतकरी, मागे पेंडीचं पोतं बांधलेलं. त्रिशला आडवी उभी राहिली तेव्हा त्याला अपघात झालाय असं वाटलं. पोतं त्याने लगेच सोडून रस्त्याकडेला टाकलं.

"दवाखान्याला नेऊया? मागं वळवतो."

"न्हाय मामा, वर. टॉवरकडं. आज्जीला सूर्य दाखवायचाय."

यल्लाप्पाने वर बघितलं, मग त्रिशलाकडे, मग घामाने थबथबलेल्या म्हातारीकडे. "ताई, सूर्य उद्या सकाळी बी निघतोय की."

"तवर ही टिकली पाहिजे ना!"

पुढे त्याने काही विचारलं नाही. "कुत्कोळ्री अम्मा, कुत्कोळ्री," म्हणत आक्कांना बसवून घेतलं, मागे त्रिशला बसली आणि आज्जीभोवती हात घालून तिने यल्लाप्पाचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. तिघांची मोटरसायकल पाच एकोणसाठला तांबड्या वाटेवर लागली.

माथ्यावर सरांना करण्यासारखं काही नव्हतं. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकली होती. गच्चीवरून तो मावळावा म्हणून वाट पाहायची असते. इथे तो थांबावा असं वाटत होतं, आणि असं वाटण्याला फिजिक्समध्ये काही जागा नाही हे त्यांना माहीत होतं. खालून मोटरसायकलचा आवाज येत होता. तो एकदम बंद पडला. सुट्या खडीवर मागचं चाक सरकलं होतं. यल्लाप्पाने कन्नडमध्ये गाडीच्या सात पिढ्या काढल्या. पाव सूर्य गेला. आवाज पुन्हा सुरू झाला. अर्धा सूर्य गेला.

मोटरसायकल टॉवरच्या कुंपणाशी आली तेव्हा वर फक्त नखाएवढा तुकडा उरला होता. त्रिशलाने आज्जीला धरून उतरवलं आणि पश्चिमेकडे तोंड करून दगडावर बसवलं. गुळाची डबी तिने वाटेतच उघडून हातात धरली होती.

"आज्जी, बघ, समोर हाय! घे!"

आक्कांनी डोळे किलकिले केले. थेंबांनी बाहुल्या अजून पसरलेल्या. समोर सगळाच लाल धूर. "मला कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "श्रीपाल, तू सांग. खरोखर हाय का?"

सगळ्या जगात विचारू नये तो प्रश्न त्यांनी नको त्या माणसाला विचारला. कारण सरांना माहीत होतं, की तो नाही. क्षितिजापाशी हवेतून येताना किरण वाकतो. डोळ्यांना खालची कड टेकलेली दिसते तेव्हाच अख्खा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली उतरलेला असतो; वर दिसते ती त्याची उचललेली प्रतिमा. पीयूच्या दुसऱ्या वर्षाला हा धडा आहे, तीन मार्कांना येतो.

"आई," सर म्हणाले, "खरं सांगायचं तर तो आत्ता…"

"आप्पा!" त्रिशला किंचाळली.

"… तो खाली गेलेला हाय. दोन-अडीच मिनिटं झाली. हवेमुळं दिसतोय नुसता."

यल्लाप्पाने आ वासला. या माणसाने आईला डोंगरावर चढवून आणलं ते हे सांगायला, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. आक्कांची मान छातीवर झुकली, आणि क्षणभर तिघांनाही वाटलं, संपलं. मग मान वर आली.

"मग रोज गच्चीवरनं काय बघत हुतास रं?"

"दिसणारा."

"बावीस वर्सं?"

"व्हय."

"मग आज शाणा झालास व्हय? दिसणारा सांग. दिसतोय?"

"दिसतोय, आई. कड हाय अजून."

आक्कांनी तोंड उघडलं.

त्रिशलाने खडा जिभेवर ठेवला. लहान नव्हता; घाईत हाताला आला तो मोठा आला. आक्कांचे दात सगळे नाहीत. त्या चघळू लागल्या. सर पश्चिमेकडे बघत होते. कड बारीक होत गेली, तार झाली, ठिपका झाली आणि गेली.

खडा अजून तोंडात होता. गालाला आतून फुगवटा दिसत होता. आता "मावळला" एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो सरांनी आयुष्यात जवळजवळ आठ हजार वेळा म्हटला होता आणि एकदाही उशिरा म्हटला नव्हता. तो म्हटला असता तर आक्का थुंकणार होत्या. त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

"अण्णा, त्यो ग्ये…" यल्लाप्पा म्हणायला गेला. सरांनी त्याचा दंड धरला. इतका जोरात, की पुढे आठवडाभर तो वळ त्याने गावात दाखवला.

टॉवरच्या पेटीत पंखा घुरघुरत होता. खाली घाटात दिवे लागत होते. आक्का चघळत होत्या, आणि सर आता क्षितिजाकडे बघत नव्हते, घड्याळाकडेही नाही. ते आईच्या गळ्याकडे बघत होते. गालाचा फुगवटा लहान झाला. गळा एकदा हलला. थांबला. पुन्हा हलला.

"मावळला," सर म्हणाले.

त्या क्षणी ते वाक्य खरं होतं, एवढं नक्की.

आक्कांनी पदराने ओठ पुसले आणि हात जोडले. या बाईने मुलाचं एकही विधान आजवर तपासल्याशिवाय घेतलेलं नव्हतं. कधी मावळला, किती झालं, तुझ्या जागेवरून की माझ्या, यातलं काहीतरी त्या विचारतील म्हणून सर उभे होते, आणि विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. आक्कांनी विचारलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या, तोंड पश्चिमेकडे.

बऱ्याच वेळाने त्रिशलाने पुन्हा सुई टोचली. आकडा त्र्याहत्तर आला. ती जमिनीवरच बसली आणि रडायला लागली.

"आता काय झालं गं हिला?" आक्कांनी विचारलं. आवाज नेहमीचा झाला होता. "श्रीपाल, त्या पाव्हण्याचा हात सोड आधी."